काउंटर बंद असताना : इंदूरमधल्या चौदा मुलांचे ५०० तास

डी. फार्मची, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेची, दोन वर्षं संपली म्हणजे मूल फार्मासिस्ट झालं, असं होत नाही. त्यापुढं ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण असतं, रुग्णालयाच्या औषध विभागात किंवा मेडिकलवर. ही मुलं ज्या नियमावलीखाली शिकली, त्या १९९१ च्या नियमावलीत त्याला दोन अटी होत्या. प्रशिक्षण तीन महिन्यांच्या आत उरकायचं नाही, आणि ५०० पैकी किमान २५० तास डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून खरोखर औषध देण्यात गेले पाहिजेत. तेव्हा ते झालं की राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज करता येत असे. नोंदणी नाही तोवर फार्मासिस्टची नोकरी नाही आणि स्वतःच्या नोंदणीवर दुकान चालवायची सोयही नाही.

एप्रिल २०२१ मध्ये माझ्याकडे अशी चौदा मुलं होती. मी इंदूरच्या एका खासगी कॉलेजात फार्मसी प्रॅक्टिस शिकवते. कोरोनाच्या पहिल्या लाटेत त्यांची परीक्षा लांबली, त्यामुळं २०२० च्या पावसाळ्यात व्हायचं प्रशिक्षण जानेवारी २०२१ च्या शेवटी सुरू झालं. आठ जण एका मोठ्या खासगी रुग्णालयात आणि सहा जण रामबागेजवळच्या एका जुन्या मेडिकलवर. मेडिकलचे मालक स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट, दुकान वडिलांच्या वेळचं. आख्खी गल्ली त्यांना काका म्हणते, मीही म्हणते.

दहा आठवड्यांत बहुतेकांचे ३०० च्या आसपास तास भरले होते. त्यातले चिठ्ठीवरून औषध देण्याचे जेमतेम सव्वाशे. बाकीचे रॅक लावण्यात, एक्सपायरी काढण्यात, खरेदीची बिलं जुळवण्यात गेलेले. हे नेहमीचंच असतं. नव्या मुलाला कुणी पहिल्या दिवशी काउंटरवर उभं करत नाही.

मग दुसरी लाट आली. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात दवा बाजारात, म्हणजे शहराच्या घाऊक औषधबाजारात, रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनसाठी रांगा लागल्या. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, पुढचे चार दिवस १००, म्हणजे एका माणसाला १०० मिलिग्रॅमच्या सहा व्हायल, असा हिशोब रिक्षावाल्यांनासुद्धा पाठ झाला होता. शुक्रवारी, ९ एप्रिलला संध्याकाळी शहर बंद झालं. सोमवारपर्यंतच म्हणाले होते. ते उघडायला जून लागला. रुग्णालयानं मुलांना न पाठवण्याबद्दल कळवलं आणि त्यात चूक काही नव्हती. काका म्हणाले, “मॅडम, काउंटरच्या आत आम्हीच तिघं. बाहेर माणसं जाळीला चिकटून उभी. तुमची मुलं मी कुठं उभी करू?” आठ मुलं आपापल्या गावी गेली. कुणी धारला, कुणी खरगोनला, कुणी झाबुआकडच्या खेड्यात.

तीन सोपे रस्ते

पहिला रस्ता थांबण्याचा. सगळं उघडलं की उरलेले तास भरायचे. प्रामाणिक रस्ता, पण या मुलांचं आधीच एक वर्ष गेलं होतं. दोघींच्या घरी लग्नाची बोलणी सुरू होती आणि ‘नोंदणी झाली की बघू’ हे एवढंच कारण त्यांच्या हातात होतं.

दुसऱ्या रस्त्याबद्दल आमच्या क्षेत्रात कुणी मोठ्यानं बोलत नाही. ओळखीच्या मेडिकलवर प्रशिक्षणाच्या तासांची वही न्यायची, शिक्का मारून आणायचा. एका पालकांनी मला फोनवर सरळ विचारलंही, की मॅडम, अशा दिवसांत कोण तपासणार आहे? मला राग आला नाही. तपासणारं कुणी नसतं हे तेही जाणून होते आणि मीही.

तिसरा रस्ता व्हिडिओंचा. काउंटरवरच्या संवादाचे तयार व्हिडिओ दाखवायचे आणि खाली प्रश्नावली द्यायची. एक आठवडा आम्ही ते केलंही. मुलांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, तेव्हाच मला शंका आली. व्हिडिओतला रुग्ण फार शहाणा असतो. त्याला आपल्या औषधाचं नाव माहीत असतं, तो मध्ये बोलत नाही, आणि ‘भिया, वो पीली वाली गोली दे दो’ असं कधी म्हणत नाही.

शेवटी जे केलं ते एका बैठकीत ठरलेलं नव्हतं. त्याची सुरुवात काकांच्या एका तक्रारीतून झाली.

काकांची वही

मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, केंद्र सरकारनं अधिसूचना काढून मेडिकलवाल्यांना घरपोच औषध द्यायची मुभा दिली होती. अटी होत्या. चिठ्ठी प्रत्यक्ष किंवा ईमेलनं दुकानात यायला हवी, घर त्याच महसुली जिल्ह्यातलं हवं, जुनाट आजाराची चिठ्ठी ३० दिवसांच्या आतली आणि तात्पुरत्या दुखण्याची सात दिवसांच्या आतली हवी. गुंगीची औषधं, आणि शेड्यूल एच वन व शेड्यूल एक्स या जास्त कडक नियमांच्या याद्यांमधली औषधं यातून वगळलेली. काकांनी तेव्हापासून घरपोचसाठी वेगळी वही ठेवली होती. एप्रिलमध्ये तिच्यात शंभरावर घरं होती. रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर. त्यातली निम्मी घरं अशी, की मुलं पुण्याला किंवा परदेशात आणि घरात दोन म्हातारी माणसं.

काकांची तक्रार ही, की औषध पोचवणारा मुलगा पिशवी फाटकाला अडकवून येतो. आधी ही माणसं दुकानावर येत, पाच मिनिटं बोलत, तेवढ्यात कळायचं की कोण काय चुकीचं घेतंय. आता पिशवी जाते आणि पुढं काही समजत नाही.

मी म्हणाले, मुलांना फोन करू द्या.

काका लगेच हो म्हणाले नाहीत. फार्मसी कायद्याचं कलम ४२ त्यांना पाठ आहे : नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्या कुणी चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही. फोन करणं म्हणजे औषध देणं नव्हे हे खरं. पण फोनवर एखाद्या उत्साही मुलानं ‘ही गोळी बंद करा’ म्हटलं, तर जबाबदारी कुणाची? म्हणून फोन एकट्यानं करायचा नाही असं ठरलं. कॉन्फरन्स कॉल, तोही साधा, कारण आज्यांना व्हिडिओ जमत नाही. मूल बोलणार, मी किंवा काका आवाज बंद करून ऐकणार. आधी काका स्वतः त्या घरी विचारणार, की आमच्याकडं शिकणारी मुलं तुमच्याशी औषधांबद्दल बोलली तर चालेल का. वहीत नाव लिहायचं नाही, घराला क्रमांक द्यायचा. डोस सांगायचा नाही, बंद करा म्हणायचं नाही. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी गोळी, स्टेरॉइड, धाप, बोटावरच्या ऑक्सिजन मोजायच्या यंत्रात ९४ च्या खालचा आकडा, यातलं काहीही निघालं तर एकच वाक्य : “थांबा हं, आमच्या मॅडम बोलतायत.”

बत्तीस घरांनी होकार दिला. एका आजोबांनी अट घातली, की बोलणारा मुलगा मराठी हवा. चौदातली मराठी बोलणारी तीनच. तेव्हा ते घर एका मुलीच्या वाट्याला गेलं. आजोबांनी तिच्याशी पहिली दहा मिनिटं तिचं आडनाव, मूळ गाव आणि कुणाची कोण यावर घालवली. औषधांवर शेवटची तीन मिनिटं. मी तिकडं आवाज बंद करून घड्याळ बघत होते. नंतर लक्षात आलं, की त्या दहा मिनिटांशिवाय पुढची तीन मिळाली नसती.

खलबत्ता आणि चमचे

फोन रोज दोन तासांच्या वर झेपत नाही. उरलेल्या वेळात हाताचं काम हवं होतं, आणि कॉलेजची प्रयोगशाळा कुलपात. मग घरातच काय आहे ते पाहिलं.

खलबत्ता बहुतेक घरांत निघाला. तेल, पाणी आणि डिंक यांचं चार-दोन-एक हे प्रमाण घेऊन कच्चं इमल्शन घोटायचं. एकाच दिशेनं, न थांबता, ‘चट् चट्’ आवाज येईपर्यंत. कॉलेजात मुलं हे मार्कांसाठी घोटतात. घरी आई बघत असते, तेव्हा ते फाटलं की लाज वाटते. चौघांचं फाटलं. एकाच्या आजीनं मुसळी त्याच्या हातातून घेऊन स्वतः घोटून दाखवलं, तर तिचं पहिल्या फटक्यात जमलं. तिनं आयुष्यभर चटण्या वाटल्या होत्या.

चमच्यांचा प्रयोग मला जास्त आवडला. खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर खुणा असतात. त्या टोपणानं घरातला प्रत्येक चमचा मोजायचा. ‘एक चमचा’ म्हणजे पाच मिलिलिटर हे पुस्तकात वाचलेलं, पण कुणाच्या घरचा चहाचा चमचा चारच्याही आत निघाला आणि कुणाचा सातपर्यंत गेला. झाबुआच्या मुलानं कळवलं, की आमच्या घरी चहाचा चमचाच नाही, साखर हातानं घालतात. पुढच्या फोनपासून ‘दोन चमचे’ असं कुणी म्हणेना. सगळे टोपणाबद्दल विचारायला लागले.

लहान मुलांच्या ड्राय सिरपची रिकामी बाटली, तिच्यात तांदळाचं पीठ, आणि खुणेपर्यंत पाणी. एवढीशी गोष्ट. खरगोनच्या मुलीनं व्हिडिओ पाठवला. तिनं पाणी एकदम ओतलं, हलवलं, फेस खुणेला टेकला आणि ती थांबली. फेस बसल्यावर पाणी खुणेच्या बोटभर खाली. खऱ्या बाटलीत हे झालं असतं तर औषध ठरल्यापेक्षा घट्ट झालं असतं आणि बाळाला प्रत्येक वेळी जास्त गेलं असतं. थोडं पाणी घालायचं, हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत भरायचं. हे मी वर्गात दहा वेळा तरी सांगितलं असेल. तिनं ते स्वतःच्या चुकीतून पाहिलं आणि रात्री साडेअकराला मला दुसरा व्हिडिओ पाठवला.

फोनवर काय ऐकू आलं

पहिल्या आठवड्यात मुलं प्रश्नावली वाचत होती. गोळ्या वेळेवर घेता का? हो. काही त्रास? नाही. धन्यवाद. अडीच मिनिटांत फोन संपायचा.

मग प्रश्न बदलला. ‘औषधांचा डबा जवळ घ्या आणि एकेका पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा.’ हा डबा हे एक वेगळंच प्रकरण असतं. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, त्यात चालू औषधं, बंद झालेली औषधं, पुण्याच्या मुलानं पाठवलेली आणि शेजारच्यांनी उरली म्हणून दिलेली. एका घरी रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी दोन पाकिटांत होती आणि आजी दोन्ही घेत होत्या, एक ‘जुनी’ आणि एक ‘नवी’. ताप आला की लोक पॅरासिटामॉल घेत होते आणि वर सर्दीची गोळी घेत होते, जिच्यातही पॅरासिटामॉल असतं. चिठ्ठ्या जानेवारीच्या होत्या. ३० दिवसांचा नियम तिथं अडायचा, मग मुलांनी डॉक्टरांच्या फोनवरच्या सल्ल्याची वेळ घेऊन द्यायला शिकून घेतलं. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली होती, त्यामुळं ते शक्य होतं.

‘उपाशीपोटी’ या शब्दानं आम्हाला फार दमवलं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची. “घेते की, रोज उपाशीच घेते,” असं एक काकू म्हणाल्या. मुलीनं विचारलं, “आणि चहा?” त्यावर उत्तर आलं : “चहा काय गं, चहा घेतल्याशिवाय गोळी गिळायचं सुचतं का?” चहा म्हणजे काही खाणं नव्हे, हे मराठी घरात इतकं पक्कं आहे, की त्याबद्दल कुणाला वेगळं विचारायचं सुचत नाही. उलट बाजूनं, एका आजी संकष्टीच्या दिवशी साखर उतरवणारी गोळी सकाळी नेमानं घेत आणि चंद्रोदयापर्यंत काही खात नसत. ‘जेवणाआधी’ असं चिठ्ठीत लिहिलेलं होतं, त्या जेवणाआधीच घेत होत्या. फक्त जेवण रात्री होतं. मागच्या दोन संकष्ट्यांना त्यांना घाम फुटून चक्कर आली होती आणि घरच्यांनी ते उन्हावर ढकललं होतं. आमच्या छापील प्रश्नावलीत उपासाचा रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी आला.

एप्रिलअखेर एक नवीन गोष्ट सुरू झाली. सौम्य आजारात पाच दिवसांनंतरही ताप-खोकला टिकला, तर ब्युडेसोनाइड श्वासावाटे, ८०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, असं राष्ट्रीय मार्गदर्शनात आलं. म्हणजे ज्यांनी जन्मात कधी इनहेलर धरला नाही अशा माणसांच्या घरी कॅप्सूल आणि प्लास्टिकचं यंत्र पोचू लागलं. एका आजोबांनी दोन दिवस त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळल्या. देवासच्या मुलानं हे शोधलं, तेही अपघातानं. त्यानं विचारलं, “आजोबा, ओढल्यावर चूळ भरता ना?” आजोबा म्हणाले, “ओढायचं काय?”

फोनवरून इनहेलर शिकवायचा कसा? यंत्र फिरवल्यावर कॅप्सूल उघडते आणि जोरानं श्वास ओढला की आत खळखळ वाजते. तो मुलगा म्हणाला, “फोन यंत्राजवळ धरा आणि ओढा.” पहिल्या वेळी आवाज नाही. दुसऱ्या वेळी नाही. तिसऱ्या वेळी रिकामी आगपेटी हलवावी तसा बारीक आवाज आला. तिकडं आजोबा खोकले, इकडं मुलगा ओरडला, आणि मी आवाज बंद ठेवायचं विसरून ‘वा’ म्हणाले. हा आवाज ओळखायला त्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं, मीही नव्हतं.

लाल टोपण

मेच्या सुरुवातीची गोष्ट. घर क्रमांक १९. आजोबांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह, आजी सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचतात. विद्यार्थिनी इंदूरचीच. दुपारी फोन झाला. किती युनिट? वीस. दोन्ही वेळा? हो. फ्रीजमध्ये ठेवता? दारातल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात नाही. टोचायची जागा बदलता? हो. सगळं बरोबर. मी ऐकत होते. मलाही सगळं बरोबरच वाटलं, आणि इन्सुलिन असूनही मी मध्ये बोलले नाही.

रोज पाच वाजता आम्ही काकांना दिवसभराच्या नोंदी वाचून दाखवत असू. १९ ची नोंद ऐकून काकांनी घरपोचची वही उघडली. म्हणाले, “या घरी मी बारा दिवसांत इन्सुलिन पाठवलेलं नाही. माझ्याकडं कुपीच नाही. मग टोचतात काय?”

मुलीनं लगेच पुन्हा फोन लावला. पुतण्यानं कालच दुसरीकडून आणून दिलं होतं, जुनी कुपी आज सकाळी संपली. नवीन बाटली केवढी आहे? “बारीक, करंगळीएवढी. पण नाव तेच आहे हो, मी वाचलंय.” मुलगी क्षणभर गप्प बसली. मग तिनं विचारलं, “आजी, सिरिंजचं टोपण कोणत्या रंगाचं?”

“लाल. नेहमीचंच.”

औषध न शिकलेल्या वाचकासाठी इथं थांबायला हवं. आपल्याकडं साध्या इन्सुलिनची कुपी सहसा एका मिलिलिटरला ४० युनिट अशी असते आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनमध्ये बसणारं करंगळीएवढं काडतूस एका मिलिलिटरला १०० युनिटचं असतं. नाव तेच, औषध तेच, दाटपणा अडीच पट. लाल टोपणाच्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. काडतुसातून तेवढं काढलं तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. सत्तरीच्या माणसाला रात्री ५० युनिट, आणि घरात दुसरं कुणी नाही.

“आजी, थांबा हं, आमच्या मॅडम बोलतायत,” असं ती म्हणाली. ठरलेलं वाक्य, पण आवाज कापत होता. पुढं काका बोलले. रात्रीचं इंजेक्शन मी सांगेपर्यंत टोचू नका, एवढंच त्यांनी सांगितलं. मग डॉक्टरांना फोन, मग ओळखीच्या चार दुकानांना. चौथ्याकडं ४० ची एक कुपी निघाली. पोचवणाऱ्या मुलाकडं पास होता, तो साडेसातला तिथं पोचला.

या प्रसंगाचं श्रेय मुलीला द्यावं असं सगळ्यांना वाटतं आणि ते खरंही आहे. पण दुपारी तिनं आणि मी मिळून तो धोका सोडून दिला होता, हेही तितकंच खरं. ‘किती युनिट’ या प्रश्नाचं उत्तर बरोबर असू शकतं आणि तरी डोस चुकीचा असू शकतो. तो धागा सापडला तो दुकानाच्या वहीत, म्हणजे काय दिलं नाही याच्या नोंदीत. नुसत्या फोनवर ते सुटलं होतं. उलट, ती सिरिंज काउंटरवर कुणाला कधी दिसलीच नसती, कारण सिरिंज घरात असते.

वहीत न बसलेल्या गोष्टी

घर क्रमांक ७ ला एका मुलानं ठरल्या वेळी फोन केला. फोन सुनेनं उचलला. “बाबा परवा गेले,” म्हणाली. मुलगा एकोणीस वर्षांचा. त्याला काय बोलावं कळेना, आणि तो सवयीनं म्हणाला, “बरं, मग गोळ्या सुरू ठेवा.” मी मध्ये पडून कसंबसं सावरलं. फोन ठेवल्यावर तो रडला, आणि त्यानंतर तीन दिवस त्यानं फोन केला नाही. मी त्याला तीन दिवस दिले. त्यानंतर काका रोज सकाळी यादी बघून आधी खात्री करून घेत. मेमध्ये अजून एक घर कमी झालं.

एका मुलानं नऊ फोन न करताच लिहिले. कॉन्फरन्स कॉल असल्यामुळं ते लपण्यासारखं नव्हतंच, मी त्या फोनवर असायला हवी होते. विचारल्यावर कळलं, की वडील आजारी, घरचं किराणा दुकान तोच चालवतोय आणि पहाटे चारला माल आणायला जातोय. मी ते तास खोडले आणि त्याला नवीन तारखा दिल्या. सहकाऱ्यांपैकी काहींना हे कडक वाटलं. मला आजही वाटत नाही. पण ते नऊ फोन मीच आधी लक्षात घ्यायला हवे होते. मी त्या आठवड्यात नोंदी पाहिल्याच नव्हत्या.

खेड्यातल्या मुलांना आवाज तुटण्याचा त्रास झाला. झाबुआचा मुलगा रेंजसाठी टाकीवर चढायचा. त्याच्या वाट्याची दोन घरं शेवटी मी दुसऱ्याला दिली आणि त्याला गावातल्याच आशाताईंबरोबर काम दिलं. ते काम चांगलं झालं, पण तो या प्रकरणाचा भाग नव्हे.

तासांचा हिशोब

जूनमध्ये शहर उघडायला लागलं तेव्हा खरा वाद झाला. मुलांचं म्हणणं, फोनचे तास २५० मध्ये धरा. कॉलेजमध्येही बऱ्याच जणांचं तेच मत होतं. मी नाही म्हटलं. नियमात शब्द आहेत ‘प्रत्यक्ष औषध देणं’. चिठ्ठी हातात घेणं, औषध काढणं, बॅच आणि तारीख बघणं, मोजणं, लिहिणं, देणं. फोनवर यातलं काही झालं नव्हतं. फोनचे आणि घरच्या प्रयोगांचे तास आम्ही दुसऱ्या २५० मध्ये धरले. ते जवळजवळ सगळ्यांचे भरले. औषध देण्याचे सव्वाशे तास तसेच उरले.

त्यामुळं वेळ वाचला नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. जून ते ऑगस्ट, दोन-दोनच्या पाळ्यांत, काकांच्या आणि आणखी तीन दुकानांच्या काउंटरवर ते तास भरले. गावची मुलं बस सुरू होईपर्यंत आली नाहीत. अर्ज जायला ऑगस्टचा शेवट उजाडला.

फरक दिसला तो जुलैमध्ये. आधी ही मुलं चिठ्ठी घेत आणि रॅककडं वळत. आता गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत. हे काकांना नेहमीच सोयीचं होतं असं नाही. संध्याकाळी सातला दुकानासमोर पाच स्कूटर उभ्या असताना, तीच लाल टोपणवाली मुलगी एका गृहस्थांना विचारत होती, की इन्सुलिन घरी कोण टोचतं, सिरिंज कुठली वापरता, आणि तिचं टोपण कसं आहे. गृहस्थ वैतागले. “भिया, बिल बना दो, पोहे ठंडे हो रहे हैं,” ते काकांकडं बघत म्हणाले. त्यांच्या हातात खरंच पोह्यांची पुडी होती.

काकांनी बिलाचं पुस्तक पुढं ओढलं, पेनचं टोपण काढलं, आणि तिला म्हणाले, “विचारून घे. मी लिहितोय तोवर वेळ आहे.”